साठीनंतरचा योग कोणी शिकवायचा?

गोव्याच्या किनाऱ्यावर हरमल-मांद्र्यापासून खाली आगोंद-पाळोळ्यापर्यंत ऑक्टोबर उजाडला की योगशिक्षक घडवणारे वर्ग भरू लागतात. दोनशे तासांचा अभ्यासक्रम, तीन-चार आठवडे, सारे इंग्रजीतून आणि शेवटी प्रमाणपत्र. शिकायला येणारे बहुतेक परदेशी नाहीतर महानगरांतले, तरुण आणि धडधाकट. हरमल-मांद्रे ज्या पेडणे तालुक्यात आहेत, तिथेच धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था डिसेंबर २०२२पासून उभी आहे. एवढे सगळे असून सत्तरी किंवा सांगे तालुक्यातल्या एखाद्या गावात गुडघे आखडलेल्या, रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या बासष्ट वर्षांच्या बाईला योग सुरू करावासा वाटला, तर आठवड्यातून तीन दिवस तिला हाताशी धरून शिकवणारे माणूस चालत जाण्याच्या अंतरावर सापडणे कठीण. तिच्या वाट्याला येतो २१ जूनचा योग दिनाचा कार्यक्रम किंवा मोबाइलवरचा व्हिडिओ.

२०११च्या जनगणनेत गोव्यात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ११.२ टक्के होते, देशात ८.६ टक्के. केरळनंतर गोव्याचाच क्रमांक. हे प्रमाण त्यानंतर वाढतच गेले असणार. मुले मुंबई-पुण्यात, आखातात किंवा युरोपात, आणि घरात दोन म्हातारी माणसे, हे चित्र गोव्यात कोणाला नवीन नाही. या माणसांना उतारवयात शरीर सांभाळायला शिकवणे ही गावाची सार्वजनिक गरज आहे आणि ती भागवणारे शिक्षक बाहेरून येणार नाहीत. ते त्याच वयोगटातून तयार करावे लागतील. नुकत्याच निवृत्त झालेल्या शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडी सेविका, बँकेतले कर्मचारी यांनी साठीच्या आसपास स्वतः योग शिकायला घ्यावा, दोन वर्षे नीट तयारी करावी आणि मग आपल्याच वाड्यावरच्या माणसांना शिकवावे. पंचायतीने त्यांना जागा आणि मानधन द्यावे. आमची मागणी एवढीच आहे. पण ती का करतो, हे तपशिलात गेल्याशिवाय कळणार नाही.

आधी २१ जूनचे पाहू. आयुष मंत्रालयाने योग दिनासाठी ठरवलेला सामान्य अभ्यासक्रम ४५ मिनिटांचा आहे. त्यात मान आणि कंबर फिरवण्यापासून सुरुवात होते. पुढे ताडासन, वृक्षासन, पादहस्तासन, अर्धचक्रासन, त्रिकोणासन, मग बसून भद्रासन, वज्रासन, शशकासन, वक्रासन, मग पालथे पडून भुजंगासन, शलभासन, मग उताणे होऊन सेतुबंधासन, पवनमुक्तासन आणि शेवटी कपालभाती, नाडीशोधन, भ्रामरी, ध्यान. कोणी कोणते आसन टाळावे याच्या सूचना त्या पुस्तिकेत दिलेल्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण ध्वनिवर्धकावरून दोनशे माणसांना एका दमात सूचना देताना त्या सूचना कोण वाचतो? शिवाय उभे राहणे, बसणे, पालथे होणे, उताणे होणे असे चार वेळा शरीर वरखाली करायचे. जमिनीवरून उठायलाच ज्याला अर्धे मिनिट लागते, त्याचा श्वास आसनांच्या आधी या उठबशीतच संपतो. तो दुसऱ्या दिवशी घरी सांगतो, योग आपल्याला झेपणारा नाही.

न झेपण्यापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे इजा. पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे विरळ होतात आणि अनेकींना ते मणका दबेपर्यंत कळतच नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधला एक छोटा पण फार बोलका अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. हाडे विरळ झालेल्या ५९ स्त्रिया होत्या. ज्यांना पाठ मागे ताणण्याचे व्यायाम दिले, त्यांच्यापैकी १६ टक्क्यांच्या मणक्यांत पुढे नवीन दबाव-अस्थिभंग दिसले. ज्यांना पोटाकडे वाकण्याचे व्यायाम दिले, त्यांच्यात हे प्रमाण ८९ टक्के होते. काहीच व्यायाम न करणाऱ्यांत ६७. अभ्यास लहान, म्हणून आकडे जपून वापरावेत. पण दिशा स्पष्ट आहे. पाठ गोल करून पायाचे अंगठे धरायला लावणे हा नवशिक्या वर्गांतला सर्वांत आवडता प्रकार आणि या वयासाठी तोच सर्वांत धोक्याचा. पादहस्तासन आणि पश्चिमोत्तानासन यांच्या जागी भिंतीला तळवे टेकून, पाठ सरळ ठेवून, फक्त खुब्यातून वाकायला शिकवले तर मांडीच्या मागचे स्नायू तितकेच ताणले जातात आणि मणका सुरक्षित राहतो. हात छातीच्या उंचीवर ठेवावेत, गुडघे किंचित सैल. कंबर गोल होताना दिसली की तिथेच थांबवावे, हात आणखी वर घ्यावेत.

वेळेचेही तसेच. योग पहाटेच करायचा, असा आग्रह असतो. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून उठल्यानंतरच्या पहिल्या तासात पुढे वाकणे पाठीला अधिक जड जाते. संधिवाताचा आखडलेपणाही सकाळीच जास्त. त्यात मधुमेहाची औषधे घेणारा माणूस सहा वाजता उपाशीपोटी आला, तर साखर उतरण्याची भीती. गोव्यात दुपारचे जेवण एकच्या सुमारास होते, मग वामकुक्षी. साडेचारला पोट हलके, सांधे मोकळे आणि घरच्या बायकांनाही थोडी उसंत. आमच्या मते ज्येष्ठांचा वर्ग साडेचार ते साडेपाच हाच असावा. पहाटेच्या वर्गांत पुरुषांचीच गर्दी का असते, याचेही उत्तर घड्याळातच सापडेल.

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे वळू. साठीनंतरच्या नवशिक्याला पहिल्या दिवशी जमिनीवर बसवू नये. खुर्चीपासून सुरुवात करावी. गावोगावच्या सभागृहांत प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत असते. त्या वापरू नयेत. गुळगुळीत लादीवर त्यांचे पाय फाकतात आणि हातांमुळे बाजूला वळता येत नाही. घडीची लोखंडी खुर्ची, पाठ भिंतीला लावून, पायांखाली चटई, ही व्यवस्था चांगली. बसल्यावर पावले पूर्ण टेकली पाहिजेत. आपल्याकडच्या ठेंगण्या बायकांची टेकत नाहीत, तर पायांखाली घरातला पाट द्यावा. पायमोजे काढायला लावावेत. साडी नेसून आलेल्या बाईला परत पाठवू नये, पदर खोचून आणि निऱ्या घोट्याच्या वर घेऊन सुरुवातीचे दोन महिने सहज निभतात.

पहिली कृती म्हणजे खुर्चीवरून उठणे आणि बसणे. पावले गुडघ्यांच्या किंचित मागे, दोन पावलांत वीतभर अंतर, छाती पुढे नेत उठायचे आणि तीन आकडे मोजत हळू बसायचे. पाच वेळा, थोडे थांबून पुन्हा पाच वेळा. यात तीन चुका हमखास होतात. पावले फार पुढे राहिली तर माणूस झोका घेऊन उठतो. गुडघे एकमेकांकडे झुकतात, त्यामुळे सांध्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो. आणि बसताना शेवटची चार बोटे धपकन पडतो, कारण मांडीचे स्नायू तिथे दगा देतात. तिसऱ्या चुकीवर उपाय म्हणजे खुर्चीवर घडी केलेली घोंगडी ठेवून बैठक उंच करायची आणि दर दोन आठवड्यांनी एक घडी कमी करायची. उठताना मोठ्याने मोजायला सांगावे. बोलणारा माणूस श्वास कोंडून धरू शकत नाही, आणि श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब चढतो.

दुसरी कृती तोलाची. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ लोकांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. दहा सेकंद एका पायावर उभे राहता न येणाऱ्यांत पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका ८४ टक्क्यांनी अधिक आढळला. तोल जाणे हेच मृत्यूचे कारण, असा याचा अर्थ नाही. तोल हा स्नायू, नसा, डोळे, कान आणि औषधे या सगळ्यांचा एकत्र हिशेब असतो. वृक्षासनाची पहिली पायरी भिंतीला खांदा समांतर ठेवून, भिंतीवर दोन बोटे टेकून करावी. उचललेल्या पायाची टाच दुसऱ्या घोट्यावर, पण अंगठा जमिनीवरच. तळवा गुडघ्याच्या सांध्यावर कधीच टेकवू नये. जाड, मऊ चटईवर पाऊल डगमगते. तोलाचे आसन उघड्या लादीवर किंवा चार ते सहा मिलिमीटरच्या चटईवरच करावे. सतरंजी लादीवर सरकते, म्हणून ती नकोच. पावसाळ्यात सभागृहाच्या दारातून आत आलेले पाणी पुसल्याशिवाय वर्ग सुरू करायचा नाही, ही जबाबदारी शिक्षकाची.

तिसरी कृती कोणी शिकवतच नाही आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे: जमिनीवर जाणे आणि परत उठणे. खुर्ची भिंतीला लावून तिच्यासमोर उभे राहायचे, दोन्ही तळवे बैठकीवर, एक पाय मागे, तो गुडघा खाली उशीवर, मग दुसरा गुडघा, मग एका कुशीवर. उठताना उलट क्रम: कुशीवर वळायचे, हातांनी रेटून तळवे आणि गुडघे टेकून यायचे, खुर्चीपर्यंत सरकायचे, तळवे बैठकीवर, बळकट पाय पुढे आणि मग वर. गुडघे फार दुखत असतील तर खुर्चीऐवजी भक्कम बाक घ्यावा. दोन-तीन आठवड्यांत हे जमते. घरात एकटी राहणारी व्यक्ती न्हाणीत पडली, तर हाड शाबूत असूनही केवळ उठता न आल्यामुळे तासन्‌तास पडून राहते. त्या क्षणी उपयोगी पडणारे हे शिक्षण आहे आणि कोणत्याही सुंदर आसनापेक्षा त्याची किंमत जास्त आहे.

हे जमल्यावरच जमिनीवरची आसने. उताणे झोपल्यावर डोक्याकडे पाहावे. पाठीला बाक आलेल्या माणसाची हनुवटी कपाळापेक्षा वर जाते, मान मागे मोडते, चक्कर येते. कपाळ आणि हनुवटी एका पातळीवर येईपर्यंत डोक्याखाली पंचाच्या घड्या घालाव्यात. मग सेतुबंधासन, पाच श्वास. पालथे झोपून एकेक पाय उचलणारे शलभासन आणि कोपर टेकलेले छोटे भुजंगासन. वज्रासनाची घाई नको. त्यात गुडघा जवळजवळ पूर्ण दुमडतो. गुडघा बदललेल्या माणसाचा सांधा साधारण ११० ते १२० अंशांपर्यंतच वाकतो. खुब्याचा सांधा बदललेल्याने मांडी घालून बसावे की नाही, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. काचबिंदू असणाऱ्याला डोके खाली जाणारे कोणतेही आसन द्यायचे नाही. अधोमुख श्वानासनात डोळ्यांतला दाब झपाट्याने वाढतो, भिंतीला पाय लावून झोपण्यातही काही प्रमाणात वाढतो. सर्वांगासन, हलासन, शीर्षासन ही नावे या वर्गात काढूच नयेत.

कपालभाती पहिले तीन महिने नको. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, अपस्मार असेल तर पुढेही नको. टीव्हीवर पाहून घरी पोट हापसणाऱ्यांना हे पटवणे अवघड असते, पण पटवले पाहिजे. त्याऐवजी चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. दम लागणाऱ्याने तीन आणि चार धरावेत. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, अजिबात नाही. पाच मिनिटे पुरेत. शवासन पिंडऱ्या खुर्चीवर ठेवून सात-आठ मिनिटे, आणि त्यातून उठताना कुशीवर अर्धे मिनिट, बसून एक मिनिट, मग उभे. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे झटकन उठल्यावर दाब उतरतो; माणूस आसनातच पडतो असे नव्हे, वर्ग संपल्यावर चपला घालतानाही पडू शकतो.

आता मूळ प्रश्न: हे सारे पंचवीस वर्षांचा शिक्षक शिकवू शकणार नाही का? शिकवू शकेल, आणि काही जण उत्तम शिकवतात. पण किनाऱ्यावरचा अभ्यासक्रम सशक्त शरीर गृहीत धरून आखलेला असतो. त्यात शिक्षकाचा वेळ कठीण आसन सुबक करण्यात जातो. खुर्चीवरून उठवण्यात नाही. साठाव्या वर्षी स्वतः आखडलेल्या अंगाने सुरुवात केलेल्या शिक्षिकेला कोणता स्नायू कधी दगा देतो, भीती कुठे वाटते, कोणती सूचना ऐकून गोंधळ होतो, हे ताजे ठाऊक असते. ती ‘खुब्यातून वाक’ म्हणताना समोरच्याचा हात धरून खुबा कुठे आहे ते दाखवते. ती मराठीत, कोकणीत बोलते. आणि ती मे महिन्यातही गावातच असते. किनाऱ्यावरचे बरेचसे वर्ग पावसाआधी आवरतात.

वयस्क शिक्षकांचे धोकेही आहेत आणि ते झाकण्यात अर्थ नाही. निवृत्त माणसाला श्रोते मिळाले की वीस मिनिटे प्रवचन होते आणि आसनांना दहा उरतात. काही जण स्वतःच्या अनुभवावरून नियम काढतात: माझी साखर उतरली, तुमचीही उतरेल, गोळी बंद करा. हे सर्वांत घातक. शिक्षकाला औषधांची नावे माहीत असावीत, पण ती कमी-जास्त करण्याबद्दल त्याने तोंड उघडू नये. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर व्यायामाने ७०च्या खाली जाऊ शकते, हे त्याला कळले पाहिजे. घाम, थरथर, गोंधळ दिसला तर शुद्धीत असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहायचे. छातीत दाब, जबडा किंवा डावा हात दुखणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात गळणे यांपैकी काही दिसले तर वर्ग थांबवून १०८ची रुग्णवाहिका बोलवायची.

प्रमाणपत्राचे काय? भारतात योग शिकवायला वकिली किंवा डॉक्टरकीसारखा कायदेशीर परवाना लागत नाही. किनाऱ्यावर ज्या योगा अलायन्सच्या नोंदणीचा बोलबाला असतो, ती अमेरिकेतली खाजगी संस्था आहे. आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षा अधिक उपयोगी आणि गावातल्या शिक्षकांनी पहिल्या पातळीची परीक्षा जरूर द्यावी. पण म्हाताऱ्या शरीरासाठी तेवढे पुरेसे नाही. आमच्या मते तयारी दोन वर्षांची हवी: एक वर्ष केवळ स्वतःचा सराव, सहा महिने दुसऱ्याच्या वर्गात साहाय्यक, सहा महिने देखरेखीखाली शिकवणे. महिन्यातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि एखादा औषधविक्रेता यांचे तीन तास. अंतिम परीक्षेत उमेदवाराने स्वतः कोणतेही आसन करून दाखवू नये. खांदा आखडलेले, गुडघा दुखणारे आणि कमी ऐकू येणारे असे तीन जण त्याच्यासमोर बसवावेत आणि त्यांना सेतुबंधासन शिकवायला सांगावे. गुण द्यायचे ते माणसे आसनातून बाहेर कशी आली यावर.

खुर्चीवरचा योग म्हणजे खरा योग नव्हे, असे म्हणणारेही भेटतात. बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात खुर्ची, पट्टा, विटा, दोर यांच्या आधारे आजारी आणि वृद्ध माणसांना आसने शिकवण्याची पद्धत बसवली. त्याच्याही आधी स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू करून योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे यंत्रांनी मोजायला घेतले. मराठी मुलखातच शंभर वर्षांपूर्वी योगाकडे इतक्या मोकळ्या नजरेने पाहिले गेले असताना आज आधार घेण्यात कमीपणा कसला?

जागेबद्दल एक आग्रह आहे. वर्ग देवळाच्या सभामंडपात घेणे सोयीचे असते, पण मग शेजारची ख्रिस्ती आणि मुसलमान घरे बहुधा येत नाहीत. गुडघे सगळ्यांचेच दुखतात. पंचायतीचे सभागृह किंवा शाळेचा वर्ग निवडावा. ओंकार म्हणायचा त्याने म्हणावा, दुसऱ्याने नुसता लांब उच्छ्वास सोडावा. श्वास दोघांचाही लांबतो.

गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. एका पंचायतीमागे दोन शिक्षक धरले तरी चारशेहून कमी माणसे तयार करायची आहेत. एका वर्गात बाराच्या वर माणसे नकोत. बारा जणांना लागणारे सामान पंचायतीला परवडण्यासारखे आहे: बारा लोखंडी खुर्च्या, बारा चटया, बारा घोंगड्या, सुती पट्टे आणि चोवीस लाकडी विटा. विटा गावच्या मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, करून घ्याव्यात, साधारण २२ बाय १२ बाय ७ सेंटिमीटर, कडा घासलेल्या, पॉलिश न केलेल्या, कारण पॉलिशवर घामाचा हात घसरतो. शिक्षकाला मानधन द्यावेच. फुकटचा वर्ग पहिल्या पावसात बंद पडतो, आणि सेवा म्हणून शिकवणाऱ्याकडून हजेरी, तपासणी, सूचनांचे पालन या गोष्टी मागता येत नाहीत.

वर्ग दिवाळीनंतर सुरू करावा. जमीन कोरडी असते, उकाडा कमी असतो आणि चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, नऊ-दहा महिने सलग मिळतात. चवथीला, शिगम्याला, जत्रेला वर्ग बंद राहणार हे धरूनच चालावे. सुट्टीनंतर पहिला आठवडा आधीच्या निम्म्याच आवर्तनांनी घ्यावा, कारण खंडानंतर एकदम जोर लावला तर इजा होऊ शकते. पहिल्या दिवशी प्रत्येकाची तीन मोजमापे वहीत लिहावीत: अर्ध्या मिनिटात हातांचा आधार न घेता खुर्चीवरून किती वेळा उठता येते, भिंतीजवळ एका पायावर किती सेकंद राहता येते, जमिनीवरून उठायला किती वेळ लागतो. तीच मोजमापे दर तीन महिन्यांनी घ्यावीत आणि ती वही ग्रामसभेत ठेवावी, नावे झाकून. पुढच्या वर्षीचे मानधन मंजूर करायचे की नाही, याचा निर्णय गावाने त्या वहीवरून करावा.